थोरलीचा खर्ज

तळघराच्या जिन्यावरही माणसं दाटीवाटीने बसली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वरचं जाड दार लावून घेतलेलं, खिडकी एकही नाही, भिंतींना चहूबाजूंनी फोम. आत शिरल्यापासून मला श्वास अपुरा पडत होता. "ताई, एकदा कानांनी ऐक, मग काय बोलायचं ते बोल," असं माझा धाकटा भाऊ म्हणाला, म्हणून मी त्या रविवारच्या बैठकीला आले होते.

समोर खर्जबाबा. मूळचे ते बेस गिटारचे, म्हणजे जाड तारांच्या खर्जातल्या गिटारचे, शिक्षक. शिक्षकाचे बाबा कधी झाले ते त्यांनाही आठवत नसावं. शेजारच्या स्टँडवर पोपडे उडालेली एक जुनी बेस गिटार. तिचं नाव थोरली. ती कुणा दिवंगत उस्तादाची होती आणि त्याचा खर्ज तिच्या लाकडात मुरलाय, अशी ख्याती.

बाबांनी आधी एका शिष्याची कोरी करकरीत गिटार घेतली आणि चार सूर वाजवले. पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटावीत तसा कोरडा आवाज आला. मग थोरलीसमोर मान झुकवून त्यांनी ती उचलली, आपल्या हाताने स्पीकरची वायर जोडली आणि तेच चार सूर वाजवले. खोल, भरदार आवाज थेट छातीत उतरला. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"लाकूड ऐकतं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "लाकूड लक्षात ठेवतं. वाजवणारा मी कोण? वाजते ती थोरली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लाकडाची स्मरणशक्ती एवढी दांडगी असती, तर आमच्या घरच्या टेबलाने एव्हाना पाढे म्हणून दाखवले असते.

मला हसू येत होतं, पण शेजारी धाकटा बसला होता आणि त्याच्याकडे बघून ते जिरलं. थोरली कधी या खोलीबाहेर जात नसे. 'उजेडात नेली की मुकी होते' म्हणे. त्यामुळे धाकटाही कुठे जात नसे. दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदाचं त्याला बोलावणं आलं होतं आणि होकार उद्याच कळवायचा होता. भावजय तर लेकीला घेऊन तिथे नोकरीवर रुजूही झाली होती. भाची रोज फोनवर विचारायची, "पप्पा, कधी येणार?" आणि हा म्हणायचा, "थोरलीशिवाय माझ्या हातात आहे काय, ताई? माझी गिटार म्हणजे नुसता पत्रा."

माझं काम कान तपासण्याचं. माणसाला बंद खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आमचा पहिला धडा असा, की आपला हात त्याला दिसू द्यायचा नाही. हात हलताना दिसला की लोक आवाज नसतानाही बटण दाबतात, तेही अगदी प्रामाणिकपणे. म्हणून मी बाबांच्या चेहऱ्यावरची नजर काढली आणि हाताकडे बघू लागले.

बाबा पुन्हा दोन्ही गिटारी आळीपाळीने वाजवत होते. शिष्याच्या गिटारवर त्यांचा उजवा हात पार मागे होता, तारा बांधलेल्या असतात तिथे. थोरलीवर तोच हात वीतभर पुढे, गिटारच्या मानेजवळ.

"तू तुझी गिटार वाजवताना हात कुठे ठेवतोस?" मी धाकट्याला हळूच विचारलं.

"मागे. पुढची जागा थोरलीची. आपल्या वाद्यावर तिथे हात न्यायचा नाही, मान म्हणून."

मी कपाळाला हात लावला.

"बाबा," मी उठून म्हणाले, "पडद्याआड वाजवली तर थोरली ओळखू येईल?"

"डोळे बांधून ओळखेल कुणीही," बाबा बोलून गेले, आणि मग त्यांना माघार घेता येईना.

ड्रमवरची काळी चादर दोघांनी धरली. थोरलीचा स्टँड तिच्याआड घेतला, धाकटाही आपली गिटार घेऊन आड गेला आणि मी त्याच्या कानात सांगितलं, "तुझीच वाजव. आधी हात मागे, मग पुढे."

"तिचा अपमान होईल गं."

"होऊ दे. माझं नाव सांग तिला."

थोरली वाजतेय असं वाटेल तेव्हा हात वर करा, असं मी लोकांना सांगितलं. पहिल्या वेळी एकही हात वर आला नाही. मग धाकट्याने घामेजलेला हात पुढे सरकवला, तेच सूर छेडले आणि खोलीभर हात वर झाले. चादर खाली आली. धाकट्याच्या गळ्यात त्याची स्वतःची गिटार होती. स्टँडवरच्या थोरलीची वायरसुद्धा काढून त्याने आपल्या गिटारला लावली होती.

मग बाबांनी दोन्ही हात पसरले. "बघा, सेवा फळाला आली. थोरली आज याच्यात उतरली."

आणि माना पुन्हा डोलू लागल्या. धाकट्याचीसुद्धा. पिंजरा उघडता उघडता पुन्हा लागत होता.

जिन्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर आपली नवी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. ते शिकायला लागून आठवडाही झाला नव्हता. "काका, जरा हात पुढे नेऊन वाजवता?" मी म्हटलं. त्यांनी वायर जोडली आणि जाड अंगठ्याने एक तार ओढली. सूर बेताचाच होता, पण खोल.

"उतरली वाटतं माझ्यातही," काका म्हणाले. "आठवड्यात? आमचं तर लायसनसुद्धा इतक्या लवकर निघालं नव्हतं."

आधी एक हसला, मग सगळी खोली. कुणी न सांगता जो तो आपापल्या गिटारवर हात पुढे-मागे करू लागला. मागे तार ताठ असते, तिथे छेडली की बारीक, टोकदार आवाज येतो. पुढे ती मोकळी हलते, तिथे भरदार येतो. चमत्कार एवढाच. बाबांनी वाद्यावर काही केलंच नव्हतं. त्यांनी फक्त लोकांच्या हातांना मानाचा नियम लावून दिला होता.

मी धाकट्याला घेऊन जिना चढले. दाराशी तो थांबला.

"ताई, भीती वाटते. आता वाईट वाजलं तर थोरलीकडे बोट दाखवता येणार नाही."

"नाहीच येणार. आणि चांगलं वाजलं, तर तेही तुझंच."

वाद्याचा वाटा असतोच, मी नाकारत नाही. पण तो किती, हे कुठल्याही बाबाला विचारू नका. डोळे झाका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐका. आणि 'इथे हात लावायचा नाही' असं कुणी म्हणालं, तर आधी तिथेच लावून बघा.

धाकट्याने दार ढकललं. बाहेर लख्ख दुपार होती. गिटार खांद्याला अडकवून, डोळे किलकिले करत, तो लेकीला फोन लावू लागला.