अकराचा गजर

चन्नाप्पा गादीवरून उठत नाही, हे मार्केट यार्डातल्या गुळाच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी नऊला कपाळाला विभूती लावून तो पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसला की दुपारच्या जेवणापर्यंत तिथंच, आणि चारला परत आला की दिवेलागणीपर्यंत पुन्हा तिथंच. शेतकरी यायचे, व्यापारी यायचे, हमाल तीस-तीस किलोचे गुळाचे रवे पाठीवरून उतरवायचे, आणि चन्नाप्पा तक्क्याला टेकून बसल्या जागी भाव, वजन, हवामान आणि दुसऱ्याची अक्कल अशा सगळ्याच गोष्टींचा निकाल लावायचा. हे अडत दुकान त्याच्या वडिलांनी घातलेलं. वडिलांचा नियम असा की गादीवरच्या माणसानं तीनच वेळेला उठायचं: जंगम स्वामी दारात आले तर, कुणी गेल्याची बातमी आली तर, आणि दुकान बंद करताना. एरवी ज्याच्यासाठी उठाल तो तुमच्या डोक्यावर बसेल. म्हाताऱ्यानं हे कुठल्या पोथीत वाचलं होतं कोण जाणे, पण ओळीत ते चालून गेलं होतं.

वर्षातला एक दिवस मात्र याला सूट होती. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी एकमेकांच्या दुकानी पानसुपारीला जात, आणि आलेल्यासाठी उठावंच लागे. सत्याऐंशी सालच्या पाडव्याला चन्नाप्पा सकाळपासून पंधरा-वीस जणांसाठी उठला. मग त्याचा धाकटा भाऊ प्रभुलिंग आला. दोघांची वाटणी होऊन चारच महिने झाले होते, आणि प्रभुलिंगनं रस्त्यापलीकडं, अगदी समोर, आपलं वेगळं दुकान थाटलं होतं. नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तो पायरी चढून आत आला. चन्नाप्पा वहीत बघत बसला. प्रभुलिंग थोडा वेळ उभा राहिला, नारळ गादीच्या कडेला ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला, तोही दिवाणजींच्या तोंडून, म्हणजे साऱ्या ओळीला कळेल असा. "अण्णाला सांगा, माझ्यासाठी उठनार असंल तरच त्या दुकानाची पायरी चढीन." चन्नाप्पानं उत्तर पाठवलं, "थोरला धाकट्यासाठी उठतोय व्हय? जग उलटं झालं काय?"

त्याला अकरा वर्षं झाली. दोन्ही घरच्या बायका लग्नाकार्यात भेटत, एकमेकींची ओटी भरत. भाऊ मात्र समोरासमोर बसून एकमेकांच्या डोक्यावरचे बोर्ड वाचत. चन्नाप्पाला भावाची आठवण रोज येई. हे तो बायकोजवळ, शांतव्वाजवळसुद्धा कबूल करत नसे, आणि तिलाही ते त्यानं कबूल करायची गरज वाटत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामात त्याचा उजवा पाय सुजला. आधी संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायला लागली, मग सकाळीही पायात जाईना. शांतव्वानं पोटरीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. मग तिनं नवऱ्याचं काहीएक न ऐकता त्याला रिक्षात घातलं आणि राजारामपुरीत डॉक्टर पद्मजाबाईंकडं नेलं. बाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, कागद वाचले आणि विचारलं, "दिवसातून किती तास बसता?"

"बसनं हाच आमचा धंदा हाय," चन्नाप्पा म्हणाला.

"मग धंदा पायाला लागलाय. मांडी घालून तासन् तास बसता, त्यानं रक्त साकळायला लागलंय. ती गाठ सुटून वर छातीत गेली तर मी काहीच करू शकणार नाही. गोळ्या देते, पण गोळ्यांनी निम्मंच काम होईल. दर तासाला उठायचं. पाच मिनिटं चालायचं, मग टाचा उचलून वीस वेळा वर-खाली करायचं. कितीही गर्दी असली तरी."

"सकाळी रंकाळ्याला फिरायला जातो की."

"ते जाच. पण सकाळी फिरलात म्हणून दिवसभर बसायची परवानगी मिळत नाही."

चन्नाप्पा घाबरला. साप आणि इन्कम टॅक्स यांना न घाबरणारा माणूस, पण छातीत जाणारी गाठ म्हटल्यावर रिक्षात बसल्या बसल्याच टाचा वर-खाली करायला लागला. दुसऱ्या दिवशी शांतव्वानं घरातलं गजराचं घड्याळ दुकानात पाठवून दिलं आणि दर तासाला चावी फिरवायची जबाबदारी दिवाणजींवर टाकली. दिवाणजी यज्ञेश्वरपंत हे वक्तशीर गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी अण्णांचा हुकूम ऐकला होता. आता तासातासाला अण्णांना उठवायचं काम अंगावर आल्यावर त्यांनी ते जरा जास्तच आनंदानं घेतलं, असं चन्नाप्पाला वाटे.

पहिल्या दिवशी दहाला गजर झाला. शाळा सुटावी तसा आवाज. चन्नाप्पा डेस्कावर हात टेकून उठला, आणि नेमका त्याच क्षणी ज्ञानू हमाल पाठीवर रवा घेऊन दारात आला. समोर अण्णा उभा बघून त्याचा पाय उंबऱ्यातच थबकला. रवा खाली ठेवून त्यानं डोक्याचं फडकं काढलं.

"कोन गेलं, अण्णा?"

"कोन न्हाय गेलं. पाय मोकळा करतोय."

"व्हय, व्हय," ज्ञानू म्हणाला, पण त्याला ते पटलं नाही. बाराच्या आत ओळीत बातमी फिरली की चन्नाप्पाअण्णा ज्ञानूसाठी गादीवरून उठला. हमालांनी ज्ञानूला चहा पाजायला लावला.

अकराच्या गजराला राधानगरीकडचा आकाराम हा शेतकरी दारात होता. त्याचा गूळ बरा असे, माणूस मात्र भलता हळवा. अण्णा उठून उभा राहिलेला बघून त्यानं पायरीवरच हात जोडले. पुढच्या आठवड्यात तो दोन शेजाऱ्यांच्या गाड्या घेऊन आला, त्यांना आधीच सगळं सांगून. पण या वेळी तो सव्वाअकराला आला. अण्णा नुकताच फेऱ्या मारून बसला होता. आकारामचा चेहरा उतरला.

"अण्णा, काय चुकलं का आमचं?"

चन्नाप्पाला आधी कळेना. यज्ञेश्वरपंत कानाशी वाकून म्हणाले, "उठा अण्णा. नाहीतर हे लोक नाराज होऊन परत जातील." चन्नाप्पा चरफडत उठला. त्या दिवसापासून त्याचं गणितच बिघडलं. गजराला उठायचं ते उठायचंच, शिवाय जो कुणी गजराला उठलेला बघून गेला असेल त्याच्यासाठी पुन्हा उठायचं. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं सात-आठ वेळा पुरे होतं, तो चौदा-पंधरा वेळा उठू लागला. गोदामाच्या टोकापर्यंत जाऊन यायचा, रव्यांच्या थप्पीला हात लावून टाचा वर-खाली करायचा, आणि हमाल त्याच्या टाचा मोजायचे. महिन्याभरात सूज उतरली. पोटरीवर अंगठा दाबला तर खळगा लगेच भरून यायचा. त्याला झोप चांगली लागू लागली, चिडचिड थोडी कमी झाली, निदान यज्ञेश्वरपंतांचं तसं म्हणणं होतं. वडिलांचा नियम मोडून आभाळ काही कोसळलं नव्हतं. उलट गुळाची आवक वाढली होती, आणि याचा त्याला वडिलांच्या वतीनं थोडा रागही आला.

पण रस्त्यापलीकडं प्रभुलिंग हे रोज बघत होता. गजर त्याच्या दुकानातही ऐकू जाई. चहाच्या गाडीवर कुणीतरी म्हणालं, अण्णा हमालाला उठतो, झाडलोटीच्या बाईला उठतो, भावाला तेवढा उठत नाही. ते प्रभुलिंगच्या कानावर गेलं, आणि गेलं तेव्हा त्यानं हातातला कप अर्धा प्यालेला तसाच ठेवला, इथपर्यंतचा तपशील यज्ञेश्वरपंतांनी पुरवला. चन्नाप्पा म्हणाला, "ते डॉक्टरचं हाय म्हनावं, मानपानाचं न्हवं." पण हे जाऊन सांगणार कोण? त्याच्या मनात भलतीच आशा शिरली. प्रभुलिंग एखाद्या दिवशी बरोबर गजराला आला तर? मग आपण उठणारच आहोत. भावासाठी उठलो की पायासाठी, कुणाला कळतंय? दोघांचंही राहील. तेव्हापासून दर गजराला उठता उठता तो समोर बघून घेई.

माघात प्रभुलिंगच्या मुलीचं, रक्षिताचं लग्न ठरलं. थोरल्या काकाला पहिली पत्रिका बापानं स्वतः नेऊन द्यायची असते. ती तो देणार की पोस्टानं पाठवणार, यावर ओळीत चर्चा रंगली. शांतव्वा दोन दिवस जेवली न जेवली असं करत होती. चन्नाप्पानं पुतणीसाठी पैठणी आणायला सांगितली आणि घरातल्या कुणाला त्याचं कारण विचारू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सौद्याची गर्दी होती. दहाचा गजर वाजला तो कुणी ऐकलाच नाही; यज्ञेश्वरपंतांनी मागाहून अकराची चावी तेवढी देऊन ठेवली. चन्नाप्पा नऊपासून मांडी घालून बसलेला तसाच राहिला. गर्दी ओसरली तेव्हा अकराला तीन-चार मिनिटं कमी होती. त्यानं समोर बघितलं, तर प्रभुलिंग आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात हळद लावलेली पत्रिका. तो निघत नव्हता. मनगटावरचं घड्याळ बघत होता.

चन्नाप्पाला सगळं कळलं. प्रभुलिंग अकराच्या गजराची वाट बघत होता. भावासाठी नाही तर घड्याळासाठी उठलेला अण्णाही त्याला चालणार होता. केस पिकलेला, मुलगी लग्नाला आलेला आपला धाकटा भाऊ एवढ्याशा मानासाठी रस्त्यात उभा राहून मिनिटं मोजतोय, हे बघून चन्नाप्पाला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. हेच व्हावं म्हणून आपण महिनाभर समोर बघत होतो, हे आठवून ती आणखी वाढली. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. गजराला उठायचं नाही. गजर पुरा वाजून थांबू दे, मग उठायचं, म्हणजे ते कुणासाठी आहे हे साऱ्या ओळीला दिसेल.

प्रभुलिंग रस्ता ओलांडून आला, पायरी चढला आणि उंबऱ्यात उभा राहिला. गजर वाजू लागला. यज्ञेश्वरपंतांनी अण्णांकडं बघितलं, ज्ञानूनं बघितलं. अण्णा बसून राहिला. गजर घरघरत वाजला, चावी संपत आली तसा मंदावला आणि थांबला. आता चन्नाप्पानं डेस्कावर हात टेकून अंग उचललं, पण खाली उजवा पाय नव्हताच. दोन तासांच्या मांडीनं तो पार बधिर झाला होता. चन्नाप्पा अर्धा उठला आणि जागच्या जागी कोसळला.

प्रभुलिंगनं ते बघितलं नाही. गजर थांबला तेव्हाच त्यानं मान खाली घातली होती. त्यानं पत्रिका गादीच्या कडेला ठेवली. "बरं," एवढंच म्हणाला आणि वळला.

चन्नाप्पाला धाकट्याला 'तम्मा' म्हणून हाक मारायची होती, पण अकरा वर्षांत ती हाक मारायची सवय गेली होती. यज्ञेश्वरपंतांच्या खांद्याला धरून तो उभा राहीपर्यंत प्रभुलिंग पलीकडं पोचलाही होता. "सोडा मला," चन्नाप्पा म्हणाला आणि तसाच अनवाणी पायरी उतरला. पायात रक्त परत यायला लागलं होतं, पाऊल टेकवलं की हजार सुया टोचत होत्या. एका टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला आणि शिवी द्यायला तोंड उघडून तसंच मिटलं. चन्नाप्पा लंगडत प्रभुलिंगच्या पायरीशी आला, तीन पायऱ्या चढला आणि चौकट धरून उभा राहिला.

प्रभुलिंग गादीवर बसला होता. त्यानं वर बघितलं. तो उठला नाही.

चन्नाप्पा उभा राहिला. कुणी या म्हणेना, बसा म्हणेना. असं उभं राहणं किती लांबतं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्या पाडव्याला प्रभुलिंग नारळ घेऊन किती वेळ उभा होता, ते त्यानं बघितलं नव्हतं. तो वहीत बघत होता.

"उठनारच हुतो, तम्मा," तो म्हणाला. "गजर सरू दे म्हटलं. गजराला काय, कुनासाठीबी उठतोय मी. तुझ्यासाठी म्हनून उठनार हुतो. तर पायच उठंना."

प्रभुलिंगनं त्याच्या पायाकडं बघितलं. उजवं पाऊल फरशीवर टेकत नव्हतं.

"किती वेळ बसलावतास?"

"दोन तास."

"डॉक्टरनं तासातासानं सांगितलंय न्हवं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"वैनीनं. पयल्याच आठवड्यात." प्रभुलिंगनं समोरची वही मिटली. "दोन तास बसतोस. अक्कल हाय का तुला?"

थोरल्या भावाला चारचौघांत कुणी असं बोललं असतं तर एरवी चन्नाप्पानं आकाश-पाताळ एक केलं असतं. आता तो मान हलवत राहिला. प्रभुलिंग अजूनही उठला नव्हता. त्यानं दोन्ही हात गादीवर टेकले आणि तो डावीकडं सरकला. मग तक्क्या ओढून घेतला आणि आणखी सरकला, पार भिंतीपर्यंत, आणि निम्मी गादी मोकळी झाली.

"बस. मांडी घालू नको, पाय लांब कर."

चन्नाप्पा भावाशेजारी गादीवर बसला, पाय लांब केला. प्रभुलिंगनं वाकून त्याची पोटरी दोन्ही हातांनी रगडायला सुरुवात केली. चन्नाप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना.

"लई मुंग्या आल्यात," तो म्हणाला.

"व्हय," प्रभुलिंग म्हणाला आणि पोटरी रगडत राहिला.