नदीपलीकडचा भालाईत

देवमाशाला भाला मारण्यात माझ्या नवऱ्याचा, माचिनचा, हात धरणारा आमच्या बंदरात कुणी नव्हता. इंग्रजांनाही ते कळलं. त्यांच्याकडे मोठी जहाजं होती, पण देवमासा कसा गाठायचा, भाला नेमका कुठे रुतवायचा, हे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आम्हा बास्क लोकांनाच ठाऊक. आमच्या किनाऱ्यावर दोन हिवाळे देवमासा फिरकला नाही, तेव्हा माचिन त्यांच्याबरोबर उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात गेला. “एका हंगामाचा तर प्रश्न आहे,” म्हणाला.

तो तिकडे असतानाच माद्रिदहून राजाचा हुकूम आला. गावच्या कारकुनानं, ओचोआनं, रविवारी चर्चच्या ओसरीत तो वाचून दाखवला. परक्यांच्या जहाजावर जो भालाईत किंवा सुकाण्या जाईल, तो परतताच कैदेत, आणि त्याचं घर सरकारजमा. वाचून झाल्यावर ओचोआनं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

माचिनला वाटेतच बातमी लागली. तो घरी आलाच नाही. बिदासोआ नदीच्या पलीकडे फ्रान्सच्या राजाचं राज्य. लोक आपलेच, बोली आपलीच. तिथे तो हिवाळा काढायचा आणि वसंतात पुन्हा इंग्रजांबरोबर जायचा. अशी तीन वर्षं गेली. मला नदी ओलांडून जाता आलं असतं, पण परत येऊ दिलं नसतं, आणि घरात त्याची आंधळी आई होती. तिला टाकून कुठे जाणार?

चौथ्या वर्षी एक अंमलदार आला. माणूस गोड बोलायचा. आमच्या चुलीपाशी बसला, मी दिलेल्या भाजलेल्या तारल्या त्यानं चवीनं खाल्ल्या. ओचोआ त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होता.

“राजेसाहेब माफी द्यायला तयार आहेत. घरही राहील. फक्त त्यानं परत यावं. आमचं तो ऐकणार नाही. तुम्ही नदीवर चला आणि त्याला हाक मारा.”

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. “जा गं पोरी. माझं लेकरू घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर शेजारची कातालिन भेटली. तिचा नवरा आदल्या वर्षी अशीच माफी घेऊन परतला होता.

“माफी खरी आहे,” ती कपडा पिळत म्हणाली. “दोन रात्री घरी झोपला. तिसऱ्या दिवशी राजाच्या आरमारात भरती. म्हणे, असली माणसं किनाऱ्यावर ठेवली की पुन्हा पळतात. आता कुठल्या समुद्रात आहे कोण जाणे. माणूस तिकडे असला काय नि इकडे असला काय, आपल्याला नाहीच.”

“पण तिकडे निदान मोकळा आहे,” मी म्हणाले.

ती पुढचा कपडा दगडावर आपटू लागली.

नदीवर गेलो तेव्हा ओहोटी होती. पात्र अरुंद झालं होतं, दोन्ही काठांना चिखल. निरोप आधीच गेला होता. पलीकडे माचिन उभा होता. दाढी वाढलेली, खांदा एका बाजूला उतरलेला. तीन वर्षांनी मी त्याला बघत होते.

“बोला,” अंमलदार म्हणाला. त्याला आमच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. पण ओचोआ शेजारीच उभा होता, आणि त्याला सगळं कळत होतं.

मी ओचोआकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता. मग मी दोन्ही हात पसरले, बोलावतात तसे, आणि ओरडून म्हणाले, “माचिन, येऊ नकोस. घरी ठेवणार नाहीत तुला, लढाईच्या जहाजावर घालतील.”

“आणि तुम्ही दोघी?”

“आमचं आम्ही बघू. त्या काठावरही पुन्हा उभा राहू नकोस, धरून नेतील. इंग्रजांच्याच गावात राहा.”

मी रडत होते. ते मात्र खोटं नव्हतं.

तो चिखलात एक पाऊल पुढे आला. मग वळला आणि चालू लागला. अंमलदारानं ओचोआला विचारलं, “काय झालं?”

ओचोआनं घसा खाकरला. स्पॅनिशमध्ये सावकाश म्हणाला, “बाईनं फार विनवलं, साहेब. तोच नाही म्हणाला.”

परतीच्या वाटेवर ओचोआ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढेही कधी नाही. पण अंमलदाराची माणसं घोड्यांवरून पुढे गेली होती, आणि ओचोआचं ते वाक्य आमच्याआधी गावात पोचलं होतं.

“नाही म्हणाला?” सासूबाईंनी दारातच विचारलं.

मी हो म्हणाले. खरं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण म्हातारीचं दार दिवसभर उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी ती मन मोकळं करायची. दोन दिवसांत ते अंमलदाराच्या कानावर गेलं असतं आणि ओचोआ फासावर लटकला असता. त्या दिवसापासून तिनं लेकाचं नाव घेतलं नाही. जूनमध्ये, संत जॉनच्या सणाला, घराला सील लागलं. आम्ही कातालिनच्या गोठ्यावरच्या माळ्यावर राहायला गेलो. एकाच अंथरुणावर निजायचो, आणि आम्हा दोघींमध्ये ती न सांगितलेली गोष्ट. फेब्रुवारीच्या थंडीत सासूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात तिनं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं.

मग मला अडवणारं कुणी उरलं नाही. मी नदी ओलांडली, पलीकडच्या बंदरात मासे खारवायचं काम धरलं आणि उत्तरेला जाणाऱ्या प्रत्येक खलाशाजवळ निरोप देत राहिले. तो निरोप माचिनपर्यंत पोचायला दोन वर्षं लागली.

सप्टेंबरात माचिन आला. उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं नेली होती. बोलता बोलता मध्येच इंग्रजी शब्द यायचा, मग तो ओशाळून गप्प व्हायचा. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो, धर्मशाळेत अनोळखी माणसं बसतात तसे.

चार-पाच दिवसांनी त्यानं विचारलं, “आई माझ्याबद्दल शेवटी काय म्हणाली?”

“काही नाही. तूच यायला नाही म्हणालास, असं समजून गेली.”

त्यानं ताटलीतली भाकरी बाजूला सारली. “तिला सांगायचं होतंस.”

“ओचोआचा जीव गेला असता.”

“कानात सांगायचं होतंस. मरताना तरी.”

ते मला तेव्हा सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा उशीर झाला होता. माचिन उठला, कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. अंधार पडेपर्यंत लाकडं फोडल्याचा आवाज येत राहिला. मी त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली.