रूपाची गोळी

केसरबाईंनी सुनेच्या ताटातली भाकरी उचलली आणि तिच्या जागी मऊ भात वाढला. वर मुगाचं पाणी. तुपाचा थेंबसुद्धा नाही.

रूपा बघतच राहिली. क्रोन्सच्या आजारानं आतडी धरली तेव्हापासून दोन वर्षं तिनं असलाच भात गिळला होता. दुखणं शांत झालं, डॉक्टरांनी पथ्य सैल केलं, तेव्हा कुठं या हिवाळ्यात तिच्या नशिबी ज्वारीची भाकरी आली होती. गरम, पापुद्रा सुटलेली. आता तीच तिच्या डोळ्यांदेखत डब्यात चालली होती.

"आई, काय झालं?"

"काय नाय. गुमान खा."

सासूबाई ओट्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. रिकामा तवा तापत होता, गॅस बंद करायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला.

"सकाळी धुणं भिजवताना तुझा परकर पाह्यला," त्या न वळता म्हणाल्या. "पाळी तर तुझी आत्ताच झाली. मागच्या बारीलाबी आतड्याचं रक्त आधी परकरावरच दिसलं होतं. सम्यकला फोन केलाय. निघालाय कंपनीतून."

हात्तिच्या, एवढंच ना, असं रूपाच्या ओठांवर आलं होतं. पण पुढचं सांगायचं कसं, इथं घोडं अडलं. रक्त आतड्यातलं नव्हतंच. गर्भ राहू नये म्हणून ती गोळ्या घेत होती. पहिले काही महिने मधेच डाग दिसतील, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी सकाळी डाग पाहून तिचंही काळीज हललं होतं. तिनं दवाखान्यात फोन करून विचारून घेतलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला. हे सगळं तिच्या नवऱ्याला, सम्यकला ठाऊक होतं. केसरबाईंना नव्हतं. आणि त्यांना नातवंडाची किती हौस, हे गारखेड्यातली अख्खी गल्ली जाणून होती. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात बाईंनी झबली शिवून ठेवली होती.

गप्प राहता आलं असतं. सम्यक आल्यावर काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली असती. पण पाठमोऱ्या सासूचे खांदे हलत होते. याच बाईनं दुखण्यात तिचे कपडे नाक न मुरडता धुतले होते. रूपाला स्वतःचीच लाज वाटली. तिनं उठून गॅस बंद केला.

"आई, आतडं बरंय माझं. हे गोळ्यांमुळं येतंय."

"कसल्या गोळ्या?"

"दिवस जाऊ नयेत म्हणून. आतड्याचं औषध चालू आहे तोवर बाळाला धोका आहे. डॉक्टरांनीच दिल्यात. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाय."

केसरबाई वळल्या. आता काही खरं नाही, असं रूपाला वाटलं.

"म्हंजी आतड्यातून नाय?"

"नाय."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ."

केसरबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"सकाळपासून पाण्याचा घोट गेला नाय माझ्या घशाखाली," त्या म्हणाल्या. "सांगायला काय धाड भरली होती तुला?"

त्यांनी सम्यकला फोन लावून परत फिरवलं. डब्यातली भाकरी काढून पुन्हा तव्यावर टाकली, रूपाच्या ताटात वाढली आणि तिच्यावर सढळ हातानं तूप सोडलं. रूपा पोटभर जेवली. गोळ्यांचा विषय मात्र सासूबाईंनी काढला नाही, आणि रूपाचीही काढायची छाती झाली नाही.

संध्याकाळी शेजारच्या चतुराबाई जयभीम घालत आल्या आणि केसरबाईंसोबत मेथी निवडायला बसल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या नेहमीच्या जागी आल्याच.

"काय केसरबाई, पाळणा कवा हलवायचा? चार वर्षं झाली की लग्नाला."

चहा गाळता गाळता रूपाचा हात थांबला.

"हलंल की. घाई कुणाला हाय?" केसरबाई मेथीतून मान वर न काढता म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. रूपा रोज याच सुमाराला एक गोळी घेते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. "रूपे, गोळी घेतली का?"

"कसली गोळी?" चतुराबाईंनी विचारलं.

"शक्तीची," केसरबाई म्हणाल्या. "टायमावर घ्यावी लागती. अन् हिला घरचं काम निघालं की भान राहत नाय."

हात झटकून त्या उठल्या, माठातलं पाणी घेऊन आल्या, आणि रूपानं गोळी गिळेपर्यंत तिच्यासमोर उभ्या राहिल्या.