फाटक उघडे आहे

“फाटक कोणी उघडलं?” नवऱ्याने पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हातातली लांब बॅटरी तिच्या मनगटावर हाणली. हाडावर धातू आपटल्याचा आवाज लहानसा, कोरडा होता. कॉम्प्युटरचा आवाज त्याहून मोठा होता. तो सकाळपासून भोंग्यासारखा केकाटत होता आणि पडद्यावर लाल चौकटीत मजकूर लुकलुकत होता : ‘सुरक्षा इशारा! आपल्या घराचे फाटक उघडे आहे. परका आत आला आहे. ताबडतोब साफ करा.’

कुठल्यातरी यंत्राने केलेलं ते भाषांतर होतं. दुसऱ्या घरात लोक हसले असते. पण नवरा कारखान्याच्या रखवालदारांचा मुकादम होता. फाटक उघडं सापडलं म्हणजे ते कोणीतरी उघडलेलं असतं, आणि ज्याने उघडलं त्याच्याकडून ते वदवून घ्यायचं असतं. कामावर तो हे आवाज चढवून करायचा. घरी बॅटरी होती.

ती रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट टाइप करायची. दिवसभर तीच कॉम्प्युटरसमोर असायची, त्यामुळे संशय घ्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

“अहो, मी काहीच दाबलं नाही.”

“मग परका काय भिंतीतून आला?”

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. तेवढ्यात बेल वाजली. दुरुस्तीवालीला त्यानेच बोलावलं होतं. तिच्याकडून त्याला फाटक उघडणाऱ्याचं नाव काढून घ्यायचं होतं.

दुरुस्तीवाली पन्नाशीची होती. तिने ओठ पाहिला, मनगट पाहिलं, मग पडदा. खुर्ची ओढून बसली आणि सगळ्यात आधी इंटरनेटची वायर उपटली, मग स्पीकर बंद केला.

“साहेब, परकाबिरका कोणी आलेलं नाही. हा प्रोग्रॅमच लबाड आहे. उगाच भीती घालतो. माणूस घाबरून ते ‘साफ करा’ दाबतो, की हा आणखी पाय पसरतो.”

“ते मला नका शिकवू. त्याला आत कोणी घेतलं, तेवढं सांगा.”

“काम तर करू द्या.”

तिने मोजक्याच गोष्टी चालतील अशा बेताने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सुरू होताना आपोआप जागं होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र नाव होतं, ते काढलं. मग त्याची मूळ फाइल शोधली. शेजारीच, एकाच वेळी उतरलेली दुसरी फाइल होती : ‘कुस्ती फुकट बघा’. दुरुस्तीवालीचा हात माउसवर थबकला. तिने मागे न बघता दोन्ही फाइली पुसल्या.

“कळत नाही,” ती म्हणाली. “हे असं कुठूनही येतं.”

खुर्चीमागे उभ्या बायकोने ते नाव वाचलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो काय बघायचा, हे तिला ठाऊक होतं. ही थाप आपल्यासाठी मारली, हेही कळलं. पण ‘कळत नाही’वर तो थांबणारा नव्हता. आजवर तिने न फोडलेले कप कबूल केले होते, न हरवलेल्या किल्ल्या कबूल केल्या होत्या. कबूल केलं की लवकर आटपायचं. आज मात्र परक्याला घरात घेतलं, असं म्हणायचं होतं. ते एकदा तोंडातून गेलं की रोज तेच निघणार होतं.

“तुम्ही आणलंत,” ती म्हणाली. “कुस्त्या बघायला जे उतरवून घेतलंत, त्यातून आलं.”

“काय बोललीस?”

“ऐकलंत तेच.”

बॅटरी वर गेली. दुरुस्तीवाली उठून मध्ये आली आणि तिने हात आडवा धरला. घाव कोपरावर बसला. ती खुर्चीसकट खाली पडली.

तो जागीच थिजला. “बाहेरच्या बाईला लागलं,” असं पुटपुटला. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो घाबरला होता. तिला मारताना इतक्या वर्षांत हा चेहरा कधी असा झाला नव्हता.

त्याने बॅटरी पँटला पुसली, शर्टाची बटणं कशीबशी लावली आणि ड्यूटीला निघून गेला.

“उठता येईल?” बायकोने वाकून विचारलं.

“माझं राहू दे, ताई. तुमचं मनगट बघू. हे मोडलंय. दवाखान्यात चला, दोघींचं एकदम बघतील.”

“कशाने लागलं, विचारतील.”

“विचारू दे. मी जे झालं ते सांगणार आहे. तुमचं तुम्ही ठरवा.”

बायको पडद्याकडे वळली.

“ती वायर परत लावता का? एक रिपोर्ट राहिलाय. सकाळपासून कोणीतरी खोळंबलं असेल.”

“आत्ता?”

“मग परत कधी इथे बसेन, माहीत नाही.”

दुरुस्तीवालीने डाव्या हाताने वायर लावली. बायकोही डाव्याच हाताने, एकेक बटण शोधत टाइप करू लागली. हिमोग्लोबिनच्या आकड्यातलं टिंब तिने दोनदा तपासलं. रिपोर्ट पाठवला. मग कॉम्प्युटर बंद करून चपला घातल्या.

जिन्यात शेजारची दारं किलकिली झाली. तिने मनगट पदराखाली घेतलं नाही.