भोकं पाडलेली रॅलीची गाडी

मी एक जुनी रॅलीची गाडी आहे. वेगासाठीच माझा जन्म झाला. खरं सांगायचं तर कारखान्याने मला चार माणसं, दोन पिशव्या आणि एक छत्री वाहून नेण्यासाठी बनवलं होतं. पण त्या काळी रॅलीचा नियमच असा, की जी गाडी कोणालाही दुकानात विकत मिळते, तीच शर्यतीत उतरवायची. त्यामुळे माझ्यासारख्या संसारी गाडीचंही नशीब फिरू शकायचं.

माझं फिरवलं ताईंनी. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि वळणावर ब्रेक दाबणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांचा धाकटा भाऊ मिस्त्री. त्याने दगड लागू नयेत म्हणून माझ्या इंजिनाखाली जाड पत्रा लावला, स्प्रिंगा कडक केल्या, गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत पाइपांचा सांगाडा वेल्ड केला. त्यामुळे वजन वाढलं. ते उतरवायला मागची सीट गेली, गालिचा गेला. तरी समाधान होईना, म्हणून त्याने ड्रिल हातात घेतलं. पेडलना भोकं, आतल्या लोखंडी पट्ट्यांना भोकं, काच खालीवर करायच्या दांड्यांना भोकं.

शेजारी बसून वहीतली पुढची वळणं वाचून दाखवायचे ताईंचे यजमान. वजन एकशे दहा किलो.

"भाऊजी, तुम्हालाच तेवढी भोकं पाडता येत नाहीत हो," मिस्त्री हळहळायचा.

"आधी तुझ्या डोक्यातली बुजव," भाऊजी म्हणायचे.

एकदा आम्ही तिसरे आलो. खूप टाळ्या पडल्या. पुढे भाऊजी गेले, मिस्त्री गेला, आणि मी वीस वर्षं ताडपत्रीखाली गेले.

यंदा ताईंच्या मुलाने मला बाहेर काढलं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडी कारखान्यातून निघाली तशीच लागते. म्हणून त्याने नवी पेडलं, नव्या पट्ट्या, नव्या दांड्या मागवल्या. जुने भाग काढून भंगारात द्यायला फडक्यावर मांडले. मित्रांनो, माझी गाळण उडाली. पत्रा, स्प्रिंगा आणि सांगाडा आधीच भंगारात गेले होते; मिस्त्रीच्या हातचं एवढंच तर माझ्याजवळ उरलं होतं!

तेवढ्यात ताई काठी टेकत गॅरेजात आल्या.

"हे काय रे?"

"अगं आई, कोणीतरी सगळ्याची चाळण करून ठेवलीय."

"तुझ्या मामाने." ताईंनी ब्रेकचं पेडल उचललं आणि एका भोकात बोट घातलं. "ही ओळ बघ, वाकडी गेलीय. मी हसले, तर दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी."

"पण प्रदर्शनात घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. बसव सगळं जिथल्या तिथे."

मुलाने त्या वाकड्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग त्याने पाना उचलला.

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करण्याआधी ती कोणी बिघडवली, हे घरात एकदा विचारून घ्या.

जुने भाग पुन्हा बसवण्याआधी मुलाने जुना आणि नवा असे दोन्ही ढीग वजनकाट्यावर ठेवून पाहिले. सगळ्या भोकांनी मिळून माझं वजन एक किलो शंभर ग्रॅमने कमी केलं होतं.