पाच पानांचा कोंब

आमच्या यांचं, चंद्रहासांचं, सगळं आयुष्य प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून बघण्यात गेलं, आणि घरच्या कुंडीतला एक कोंब काही त्यांना ओळखता आला नाही.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत हे निवृत्त झाले आणि संस्थेचं क्वार्टर सोडून आम्ही उत्तरेतल्या त्याच शहरात, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये आलो. क्वार्टरच्या अंगणात माझ्या आईचा, नाशिकहून आणलेला गावठी गुलाब होता. आई गेली, तिचं घर विकलं गेलं. तिचं म्हणून तेवढंच उरलेलं. जुनं झाड उपटून जगलं नसतं, म्हणून कुंडीत जंगली गुलाबाचा खुंट लावून मी त्यावर आईच्या गुलाबाचा डोळा भरला, म्हणजे काडीवरचा अंकुर सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवला. इवलासा तांबूस कोंब आला. मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला जाताना यांना बजावलं, "खुंटाला खालून फुटवे आले तर तोडून टाका."

यांनी तोडला, पण तो इवलासा! खालचा रानटी फुटवा हातभर वाढलेला, तोच खरा असं यांना वाटलं. मी परत आले तर त्याला काठीचा आधारसुद्धा दिलेला.

"अहो, एका देठाला सात पानं! आपल्या गुलाबाला पाच असतात. मोजायचं तरी!"

 भांडायला मला वेळ नव्हता. तशीच ई-रिक्षा करून क्वार्टर गाठलं. नव्या बिऱ्हाडाने गाडीसाठी अंगणात फरशी घातली होती आणि आईचा गुलाब फाटकाजवळच्या कचऱ्यात पडला होता. मला रडूच आलं. पण नखाने साल खरवडून पाहिली, तर आत अजून हिरवी. तीन काड्या ओल्या रुमालात गुंडाळल्या. वाटेत नर्सरीवाला म्हणाला, "बहनजी, अब नहीं लगेगा. गर्मी आ गई."

"लगेगा कैसे नहीं!"

रानटी फुटवा कापून खुंटावर तीन डोळे भरले. दोन काळे पडले. तिसरा एप्रिलमध्ये फुटला.

आता मे अखेरीचा आमचा बल्गेरियाचा प्रवास ठरलेला होता. तिथल्या गुलाबांच्या खोऱ्याचं चित्र तीस वर्षं माझ्या कपाटाच्या दारावर आहे. पहाटे बायका टोपल्या घेऊन फुलं खुडतायत. निवृत्त झाल्यावर नेईन, हा यांचा शब्द होता.

"तिकिटं रद्द करा," मी म्हटलं.

"अगं, शेजारची मृणाल घालेल पाणी."

"तुम्हीही घालतच होतात."

यांनी तिकिटं रद्द केली. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ते खोरं पुढच्या वर्षीही फुलणार होतं. हा कोंब गेला असता, तर आईचा गुलाब जगात कुठेच नव्हता.

मे महिनाभर गच्चीवर लू, इकडचा उन्हाळ्यातला तापलेला वारा, भाजून काढत होती. हे रोज दुपारी कुंडीवर ओलं गोणपाट धरायचे आणि पानं मोजायचे. मी सांगितलं नव्हतं.

ज्या दिवशी विमान होतं, त्या सकाळी यांनी हाक मारली. एकच फूल, लिंबाएवढं, एका बाजूने करपलेलं. मी वाकून वास घेतला. आईच्या अंगणाचाच वास.

"एवढंसं," हे ओशाळून म्हणाले. "तिकडे डोंगरभर फुललं असेल."

"बघू की पुढच्या वर्षी. येत्या थंडीत दहा कुंड्यांत डोळे भरणार आहे मी," मी डोळे पुसत म्हटलं. "मग एखादा तुम्ही तोडलात तरी चालेल."