परत मागितलेलं वाण

घरात काही जुनं दिसलं की नूपुरचे हात शिवशिवायचे. तेलाच्या डब्यात ती मनीप्लँट लावायची, काचेच्या बरणीला सुतळी गुंडाळायची. दादरला माहेरी असताना तिने वडिलांच्या लिहायच्या टेबलाला असा पिवळाधमक रंग दिला होता, की बिचारे रघुवीरराव तिथे पेपर वाचायला बसले की शेजारी विचारत, बालवाडी काढलीत काय? पैसे ओतून घर कोणीही सजवेल, अक्कल लागते ती न ओतता सजवायला, असं तिचं म्हणणं. अक्कल तिच्याकडे भरपूर होती. कमी होती ती विचारायची सवय.

लग्न होऊन ती भोईवाड्यातल्या चाळीत आली तेव्हा तिची पहिली नजर गेली ती चार खुर्च्यांवर. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कँटीनमधलं सामान कोणी काही, कोणी काही नेलं, त्यांनी या सागवानी खुर्च्या आणल्या. वेताच्या बैठकी केव्हाच फाटल्या होत्या आणि त्यावर फळ्या टाकून काम चाललं होतं. सासरे गेले, खुर्च्या राहिल्या. नूपुरला त्या बघून रोज वाटायचं की एक दिवस यांचं रूप पालटायचं.

तो दिवस संक्रांतीच्या निमित्ताने आला. लग्नानंतरचं तिचं पहिलं हळदीकुंकू होतं. चाळीतल्या बायका येणार, दादरहून आई कालिंदीताई आणि मावशी येणार. सासूबाई, म्हणजे शेवंतीबाई, जत्रेसाठी दहा दिवस कोकणात गावी गेल्या होत्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळीच परतणार होत्या. एवढं मोकळं घर पुन्हा मिळणार नव्हतं. नूपुरने ऑफिसातून आल्यावर रोज पदर खोचून गॅलरीत पॉलिश पेपर घासला. जुनी काजळी गेली, आतला साग दिसला, त्यावर मोरपिशी ऑईलपेंट चढला. दादरहून फोम आणला, फळ्यांवर चिकटवला. राहिलं फक्त वरचं कापड.

कापडावर घोडं अडलं. बाजारात होतं ते एकतर हॉटेलच्या सोफ्यासारखं, नाहीतर पडद्यासारखं. तीन संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परतली. चौथ्या संध्याकाळी तिने कॉटखालची सासूबाईंची ट्रंक ओढली. वरती चादरी, खाली गोधडी, आणि अगदी तळाशी पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली एक साडी. अबोली रंगाची, जरीच्या काठाची, भरगच्च पदराची. घडी एकदाही मोडलेली नव्हती.

इथे खरं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढे नूपुर स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. घडी न मोडलेली साडी कोणी उगाच तळाशी ठेवत नाही, हे तिला कळलं होतं. तिने नवऱ्याला, राकेशला, कामावर फोन केला.

"ट्रंकेतली अबोली साडी जुनीच आहे ना रे?"

"मला काय माहीत? आईला विचार ना."

फोन हातातच होता. गावचा नंबर लावायला किती वेळ लागतो? पण विचारलं तर नाही म्हणतील आणि नाही म्हटल्यावर साडी वापरता येणार नाही, हा हिशोब तिने मनात मांडला आणि फोन बाजूला ठेवला. वर स्वतःची समजूत घातली की सासूबाई आता पासष्टीच्या, त्यात नवरा गेलेला, त्या ही जरीची साडी कधी नेसणार? मग तिने कात्री घेतली.

काठांसकट मधलं कापड चारही बैठकींवर ताणून बसलं. मागच्या बाजूने पिना ठोकल्या, उरलेल्या चिंध्या कचऱ्यात गेल्या. पदराला मात्र तिने हात राखून लावला. इतकी सुंदर जर बैठकीखाली दडपायची नाही, म्हणून पदराचे एकवीस बटवे शिवले. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटणाऱ्या बायकांमध्ये आपलं वाण उठून दिसेल, या विचाराने ती शिवताना गुणगुणत होती.

शेवंतीबाई सकाळी आल्या. खांद्यावरची पिशवी खाली ठेवता ठेवता त्यांना खुर्च्या दिसल्या. त्या पुढे झाल्या, एका बैठकीवरून हात फिरवला, काठाशी बोट थांबलं.

"आई, कशा वाटतात?" नूपुरने विचारलं.

"बरा केलंस," त्या म्हणाल्या. "बसाक बरी झाली." आणि पाय धुवायला मोरीत गेल्या. नंतर चहा त्यांनी जमिनीवर बसून घेतला. प्रवासाने कंबर धरली असेल, असं नूपुरला वाटलं.

संध्याकाळी दीड खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नूपुरने सासूबाईंना बाहेर येऊन बसायचा आग्रह केला, पण "मी हयच बरी" म्हणून त्या पडद्याआड स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या ताटल्यांत मांडत बसल्या. बायका खुर्च्यांवर पाळीपाळीने बसून बघत होत्या. कालिंदीताईंचा चेहरा अभिमानाने फुलला होता. कोणीतरी विचारलं, कापड कुठलं गं?

"घरात एक जुनी साडी पडून होती," नूपुर मोठ्याने म्हणाली. "म्हटलं तिचं सोनं करावं."

पडद्याआड ताटल्यांचा आवाज थांबला होता का, हे तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. तेव्हा तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची प्रिती दारात आली. प्रिती याच चाळीत जन्मलेली आणि लग्न करून याच मजल्यावर राहिलेली, त्यामुळे मजल्यावरच्या कुठल्या घरात काय, हे तिला तोंडपाठ. तिच्या हातात बटवा होता.

"हा तुझ्याकडेच राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "काल सगळ्यांसमोर काय बोलणार होते? ही आनंदामामांची साडी ना?"

आनंदामामा म्हणजे शेवंतीबाईंचा एकुलता भाऊ. नूपुरने त्यांचा फक्त फोटो पाहिला होता.

"दोन वर्षांपूर्वी ते परळला हॉस्पिटलमध्ये होते," प्रिती म्हणाली. "लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा गावी जायच्या आदल्या दिवशी ते स्वतः दादरला जाऊन ही साडी घेऊन आले. जिना चढताना तीनदा बसले. मी पाणी घेऊन गेले होते, माझ्यासमोर त्यांनी शेवंतीमावशींच्या हातात दिली. म्हणाले, 'शेवंते, मी तुझ्या आधी जातंय. तुझ्यार साडी घालूक माहेरचा कोण उरूचा नाय. ही आताच घेऊन ठेव.'"

पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. नूपुरच्या आजीच्या वेळी भाचे ती साडी घेऊन पोचेपर्यंत सगळे दारात ताटकळत उभे होते, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. प्रितीचा बटवा तिने मुठीत घट्ट धरला आणि मान वर करून बघायचं तिला जमेना.

प्रिती गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. शेवंतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, ती साडी मामांची होती. मला माहीत नव्हतं."

हे बोलतानाच तिला कळलं की हे अर्धं खरं आहे. कोणाची ते माहीत नव्हतं, पण ठेवणीतली आहे हे माहीत होतं.

"माका काल सकाळीच कळला," शेवंतीबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"चार बायका येवच्या होत्या. दादरसून तुझी आवस येवची होती. तुझा पहिला हळदीकुंकू. त्या दिवशी काय बोलूचा?"

त्यांनी रागाने बोलायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी नूपुरला बरं वाटलं असतं. आपण यांच्या भावाची आठवण फाडली आणि यांनी आपला सण सांभाळला, या विचाराने तिला बसल्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

"मी नवीन आणते, आई. अगदी तशीच."

"साडी मिळतली गो. माझो भाव खय मिळतलो?" सूप हलवता हलवता त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून, "पदर ठेवलंस मा? पदर आसलो तरी पुरे. तेवढो वरून घाला."

"ठेवलाय," नूपुर म्हणाली. एक बटवा हातात होता आणि वीस वाटून गेलेले होते.

वाण लुटतात, असं आपल्याकडे म्हणतात. लुटलेलं परत मागायचं नसतं. एक वेळ माणूस उधार मागेल, पण दिलेलं वाण परत मागायला कोणी दार वाजवणार नाही. नूपुरने त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि पहिलं दार वाजवलं.

तिथे ती खोटंच बोलली. कापडाचा रंग जातो, बदलून देते, असं सांगून तिने बटवा मिळवला. दुसऱ्या घरी मनवा म्हणून एक नवी नवरी होती, तिनेही काही न विचारता दिला. तिसरं दार सत्तरीच्या पवारमावशींचं. त्यांनी बटव्यात आपल्या गोळ्या भरून तो उशाशी ठेवला होता.

"रंग जातो म्हणून वाण परत नेतात होय?" त्या म्हणाल्या. "मी एवढी म्हातारी झाले, असं ऐकलं नाही. खरं काय ते सांग."

नूपुरने दारात उभ्या उभ्या खरं सांगितलं. न विचारता साडी कापली, हेसुद्धा. पवारमावशी ऐकत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी गोळ्या ताटलीत ओतल्या आणि रिकामा बटवा झटकून तिच्या हातात दिला. "जा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर बातमी तिच्या पुढे धावली. ती पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा बायका आपापल्या दारात बटवे हातात घेऊनच उभ्या होत्या. काल खुर्च्यांचं कौतुक करणाऱ्या बायका आज तिच्या हातात बटवा ठेवून नजर दुसरीकडे वळवत होत्या, जणू तिला उघड्यावर काही करताना त्यांनी बघितलं होतं. आकांक्षा नावाच्या एकीने तर धुवून, इस्त्री करून दिला. त्या इस्त्रीने नूपुरला जितकं मेल्यासारखं झालं, तितकं कोणाच्या बोलण्याने झालं नसतं. एक बटवा कोणाच्या बहिणीबरोबर शीवला, म्हणजे सायनला, गेला होता. नूपुर शीवला गेली आणि ज्या बाईला ती आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हती, तिलाही तिने सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. सर्वांत कठीण गेलं ते दादरच्या माहेरी. कालिंदीताईंनी बटवा देताना विचारलं, "आम्ही तुला हे शिकवलं होतं का गं?"

एकवीसच्या एकवीस जमले. पुढचे चार दिवस ती घरी आल्यावर उसवत बसली. बैठकींच्या पिना काढल्या तर जागोजाग भोकं, फोमच्या गोंदाचे डाग. बटव्यांच्या नाड्या ओवायला तिनेच पाडलेल्या चिरा. राकेशने मदत करू का विचारलं, पण ती नको म्हणाली. खालून पांढरं सुती अस्तर धरून तिने तुकड्याला तुकडा जोडला. टाका बारीक घेतला, जरीला जर भिडवायचा प्रयत्न केला. चिंध्या कचऱ्यात गेल्या तेवढं कापड कमीच पडलं. उंची पुरेना, काठ मध्येच तुटत होता आणि पदरावर एकवीस चौकटी स्पष्ट दिसत होत्या. खुर्च्या पुन्हा फळ्यांच्या झाल्या, वर मोरपिशी रंग तेवढा राहिला.

रविवारी दुपारी तिने ती साडी, तिला साडी म्हणायचं तर, शेवंतीबाईंच्या मांडीवर ठेवली.

"आई, मी खोटं बोलले होते. पदर ठेवला नव्हता. बटवे केले होते त्याचे."

"म्हायत हा माका. तू दारां वाजवत फिरत होतंस, माका काय आयकाक येत नाय?" त्यांनी साडी उलगडली. पदरापासून सुरुवात करून एकेका जोडावरून अंगठा फिरवत गेल्या. डाग आला तिथे थांबल्या, पुढे गेल्या. नूपुर त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिला रडू येत होतं आणि आपल्या रडण्याचीही लाज वाटत होती.

"जोड लपले नाहीत," ती म्हणाली. "खूप प्रयत्न केला. लांबून पण दिसतात. आणि पायाकडे कमी पडते."

शेवंतीबाईंनी साडीची पुन्हा घडी घातली. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, पिशवीचं तोंड दुमडलं. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवून, तिची समजूत काढावी तशा, अगदी मायेने म्हणाल्या,

"असांदे गो. ता माका थोडाच दिसतला तेव्हा? बघूचा लागतला ता तुका."

आणि पिशवी नूपुरच्या हातात देऊन त्यांनी तिला ट्रंक ओढायला सांगितली.